गुलमोहर, पळस आणि रंग भरणारे हात

गुलमोहराचं शास्त्रीय वर्णन आणि त्याचं रंगीत चित्र पहिल्यांदा छापून आलं ते १८२९ साली, लंडनहून निघणाऱ्या ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’ या मासिकात. चित्राचा क्रमांक २८८४. झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं. त्याला नाव सुचवणारा वेन्झेल बोयर हा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातला, आणि राहायला मॉरिशसमध्ये. वर्णन छापणारा विल्यम हूकर स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. एका झाडामागे चार-पाच मुलूख. नाव ठेवलं ‘पॉइन्सियाना रेजिया’. यातल्या ‘रेजिया’चा अर्थ राजेशाही. पुढे शास्त्रज्ञांनी पहिला शब्द बदलला आणि झाड ‘डेलॉनिक्स रेजिया’ झालं, पण राजेशाहीपण कायम राहिलं.

आपल्याकडे मात्र ते गुलमोहर झालं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे हा शब्द वर्गात आला की मला थांबावंसं वाटतं. ‘गुल’ फारसी, म्हणजे फूल. ‘मोहर’ म्हटलं की मराठी माणसाला आंब्याचा मोहोर आठवतो आणि उर्दूवाल्याला शिक्का किंवा सोन्याची मोहर. कुठलाही अर्थ घ्या, झाडाला शोभतो. बंगालीत त्यालाच कृष्णचूडा म्हणतात, म्हणजे कृष्णाच्या मुकुटातला तुरा. केरळमधले ख्रिस्ती लोक त्याच्या लाल फुलाचा संबंध कॅल्व्हरीच्या टेकडीशी, म्हणजे येशूच्या क्रुसाशी लावतात. आणि साताऱ्यात दरवर्षी १ मे रोजी महाराष्ट्र दिनाबरोबर गुलमोहर दिवसही साजरा होतो. ज्याने त्याने झाडाला आपल्या घरातलं नाव दिलं, आपल्या घरातला दिवस दिला. समुद्र ओलांडून आलेल्या झाडाचा आणखी पाहुणचार तो काय असतो?

या मासिकाचे जुने अंक आता ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मी ते मोबाइलवर पाहते. सगळं घर झोपलं की एकेक पान सरकवत राहायचं. चित्रं इतकी जिवंत आहेत की बोटाला रंग लागेल असं वाटतं. सुरुवातीला मी फक्त फुलं पाहत होते. हळूहळू लक्षात आलं की या चित्रांमागे माणसांची एक मोठी गोष्ट आहे आणि ती फुलांपेक्षा आपल्या जास्त जवळची आहे.

मासिक काढणारा विल्यम कर्टिस हा मूळचा औषधं विकणारा. त्याला वनस्पतींचं वेड. आधी त्याने लंडनच्या आसपास उगवणाऱ्या साध्या रानझाडांचा एक मोठा ग्रंथ काढायला घेतला, ‘फ्लोरा लंडिनेन्सिस’. चित्रं भव्य, कागद उत्तम, काम अत्यंत बारकाईचं. जाणकारांनी वाहवा केली आणि कर्टिस कर्जाच्या काठावर आला. आपल्याच दारातलं गवत पाहायला पैसे कोण देणार? मग त्याने डोकं लढवलं. १ फेब्रुवारी १७८७ रोजी त्याने हे मासिक सुरू केलं. आकाराने लहान, किंमत एक शिलिंग, आत तीन रंगीत चित्रं. मासिकाच्या लांबलचक नावातच त्याने लिहून टाकलं की यात बागेत, काचघरात वाढवलेली शोभेची परदेशी झाडं त्यांच्या खऱ्या रंगांत दाखवली जातील. पहिलंच चित्र होतं इराणच्या आयरिस फुलाचं. मासिकाचा खप लवकरच तीन हजारांवर गेला. पहिल्या ग्रंथाने कौतुक दिलं आणि दुसऱ्याने जेवण दिलं, अशा अर्थाचं तो स्वतःच गमतीने म्हणायचा.

मला यात एक गंमत दिसते. तेव्हाच्या लंडनमध्ये ‘परदेशी’ हा शब्द माल खपवणारा होता. झाड जितक्या लांबून आलं तितकी त्याची किंमत जास्त. आपल्याकडे आज त्याच शब्दाला वेगळाच वास येतो. त्याविषयी पुढे बोलूच. आधी ही चित्रं तयार कशी व्हायची ते सांगते, कारण सगळं मर्म तिथे आहे.

चित्रकार झाडासमोर बसून किंवा वाळवलेल्या फांदीवरून चित्र काढायचा. ते चित्र खोदकाम करणाऱ्याकडे जायचं. तो तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर टोकदार पोलादी हत्याराने एकेक रेघ कोरायचा. मग पत्र्यावर घट्ट शाई चोळायची आणि वरवरची शाई पुसून टाकायची. कोरलेल्या रेघांच्या खाचांत तेवढी शाई उरते. त्यावर किंचित ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून जोराने दाबून काढला की खाचांतली शाई कागदावर येते. मात्र छाप उलटी उमटते, आरशात दिसते तशी. म्हणून कोरणाऱ्याला सगळं उलटं कोरावं लागे. डावीकडे वळणारी पाकळी उजवीकडे, खालची अक्षरंसुद्धा उलट्या दिशेने. माझ्या वर्गातली मुलं सकाळी उर्दूची वही उजवीकडून लिहितात आणि दुपारी मराठीची डावीकडून. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्याचं विशेष काही वाटलं नाही. हात दोन्हीकडून चालतो हे त्यांना पहिलीपासून ठाऊक आहे.

इथवर चित्र काळं-पांढरंच. रंग छापायची सोपी सोय तेव्हा नव्हती. म्हणून प्रत्येक प्रतीवर हाताने रंग भरायचा. समोर एक नमुना ठेवलेला असायचा, नीट तपासून पक्का केलेला. त्याच्याबरहुकूम बाकीचे कागद रंगवायचे. कर्टिसच्या मासिकासाठी सुमारे तीस जण हे काम करत. महिन्याला तीन चित्रं आणि तीन हजार प्रती, म्हणजे नऊ हजार कागद, आणि प्रत्येक कागदावर माणसाचा हात फिरलेला. त्या काळात अशा कामात बायका आणि मुलंही मोठ्या संख्येने असत. एकाने सगळ्या कागदांवर हिरवा भरायचा, कागद पुढे सरकवायचा, दुसरीने गुलाबी भरायचा. तांब्याच्या पत्र्यांची जागा १८४५च्या सुमारास शिळाछपाईने घेतली, पण हाताने रंग भरणं तसंच चालू राहिलं. या मासिकात ते १९४८पर्यंत चाललं. आपण स्वतंत्र झालो तेव्हाही तिकडे कोणीतरी एका फुलाच्या एकेका प्रतीत हाताने लाल रंग भरत बसलेलं होतं.

रंग तरी कुठले होते? त्या काळच्या पाण्याच्या रंगांत उत्तम लाल म्हणजे कार्माइन. तो मेक्सिकोच्या निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळे. गॅम्बोज हा पिवळा आग्नेय आशियातल्या झाडांचा चीक. नीळ हिंदुस्थानातून जायची. म्हणजे फूल परदेशी, आणि त्याला ‘खरा रंग’ देणारा रंगही परदेशी. इंग्रजांचं म्हणता येईल असं त्यात तांब्याचा पत्रा, पाणी आणि मजुरी एवढंच उरतं. आणि ज्या हातांनी गुलमोहराची ती पाचवी पाकळी, लालावर पांढुरक्या-पिवळ्या खुणा असलेली, इतकी नाजूक रंगवली, त्यांनी फुललेला गुलमोहर बहुधा कधीच पाहिला नसेल. लंडनच्या थंडीत ते झाड उघड्यावर जगत नाही.

न पाहिलेल्या गोष्टीला रंग भरण्याचं हे काम मला अनोळखी नाही. माझे नाना मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत कामाला होते. फोटो काढायचं काम मालकाचं. नानांचं काम रंग भरायचं. तेव्हा फोटो काळे-पांढरे. लग्नाचा, हजला जाण्याआधीचा किंवा वारलेल्या माणसाचा एखादा फोटो लोक ‘कलर करून द्या’ म्हणून आणायचे. नानांकडे छोट्या बाटल्यांत पातळ रंग, दोन बारीक ब्रश आणि काडीला गुंडाळलेला कापूस. गालांवर हलका गुलाबी, ओठांवर थोडा गडद, साडीला काठ.

अम्मी सांगते, नाना ब्रश उचलण्याआधी खूप प्रश्न विचारायचे. फेटा कोणत्या रंगाचा होता? शेरवानीची बटणं सोनेरी की काळी? एकदा एक बाई नवऱ्याचा एकुलता एक फोटो घेऊन आली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नानांनी फेट्याला लाल लावला. बाईने पाहिलं आणि म्हणाली, “भाऊ, लाल नव्हता हो. केशरी होता. लाल तर ते कधी बांधायचेच नाहीत.” नानांनी कापसाने लाल पुसला, केशरी लावला आणि फोटो पुन्हा तिच्यापुढे धरला. बाई बराच वेळ बघत राहिली. त्या माणसाला नानांनी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या हातून तो पुन्हा ओळखू आला.

अशा किती फोटोंना नानांनी रंग दिला असेल याचा हिशेब कोणाकडे नाही. आजही आमच्या भागातल्या जुन्या घरांत असे फोटो भिंतीवर दिसतात, हिंदूंच्या घरांत आणि मुसलमानांच्याही. फोटोच्या मागे शिक्का असतो. शिक्का स्टुडिओचा. नानांचं नाव कुठेच नाही. या जुन्या मासिकाची पानं पाहताना म्हणूनच माझी नजर आधी खालच्या कोपऱ्यात जाते. चित्रकाराचं नाव असतं, खोदणाऱ्याचं असतं, प्रकाशकाचं तर हमखास. रंग भरणाऱ्यांचं नसतं.

आता उलट बाजू पाहू. लंडनला परदेशी वाटणारी झाडं जशी मादागास्करची होती तशी आपलीही होती. विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आंध्रातल्या सामलकोटला होता. १७९३ साली तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याने हिंदी चित्रकार पगारावर ठेवून अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची चित्रं काढून घेतली. त्यांतली निवडक ३०० चित्रं ‘प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल’ या नावाने तीन मोठ्या खंडांत १७९५ ते १८२० या काळात लंडनला छापली गेली. तांब्यावर कोरलेली, हाताने रंगवलेली.

पहिला खंड उघडला आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. यात साग आहे. बिब्बा आहे, ज्याच्या काळ्या चिकाने आमच्याकडे धोबी कपड्यांवर खुणा करायचे. हा बिब्बा अरबांना केव्हाचा ठाऊक होता. ते त्याला बलादुर म्हणत आणि स्मरणशक्तीसाठी देत. नवव्या शतकातल्या अल-बलाधुरी या इतिहासकाराच्या घराण्याला ते नाव याच फळावरून पडलं असं परंपरा सांगते. आणि याच खंडात पळस आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून दिसतो तोच. पान नाही, नुसती केशरी आग. आमच्या दादी त्याला टेसू म्हणायच्या. युनानी दवाखान्यात ‘गुल-ए-टेसू’ मिळतं. लघवी अडली की त्याची फुलं उकळून पोटावर शेकायची, हा घरचा इलाज. शेजारच्या घरात तीच फुलं रंगपंचमीसाठी भिजत घातलेली असत. एकाच झाडाखालून दोन घरं फुलं वेचून न्यायची. रॉक्सबर्गनेही या फुलांपासून कापडाला पिवळा रंग कसा देता येतो हे पाहिलं आणि फांद्यांवरच्या लाखेबद्दल लिहिलं.

चित्रात पळसाची पानं अर्थातच तीन-तीनच्या गुच्छात आहेत. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, ही म्हण लंडनच्या कागदावरही खरी ठरलेली पाहून मला रात्री एकटीला हसू आलं.

पण त्या पानावर झाडाचं नाव ‘ब्युटिया’ आहे. ब्यूटचा अर्ल जॉन स्टुअर्ट, जो ब्रिटनचा पंतप्रधान होता आणि वनस्पतिशास्त्राचा आश्रयदाता, त्याच्यावरून हे नाव ठेवलं. पळसाचं शास्त्रीय नाव आजही ब्युटियाच आहे. रॉक्सबर्गने झाडांची तेलुगू नावंही नोंदवली, हे त्याचं मोठेपण मान्य करायला हवं. पण ज्या चित्रकारांनी उन्हात बसून ती फुलं रेखाटली त्यांची नावं नोंदवली गेली नाहीत. त्यांच्या चित्रांचा एक संच कोलकात्याला आहे, एक लंडनजवळच्या क्यू उद्यानात. कागद जपला, रंग जपला, त्यांना वाळवी लागू दिली नाही. नाव तेवढं जपलं नाही.

आणि असं करणं त्या काळाला भागच होतं असंही नाही. पुढे नॅथॅनिएल वॉलिक याने १८३० ते १८३२ दरम्यान ‘प्लांटे एशियाटिके रॅरिओरेस’ हा ग्रंथ काढला तेव्हा विष्णुप्रसाद आणि गोराचंद या हिंदी चित्रकारांची नावं चित्रांखाली छापली. पुस्तक कंपनीच्याच जमान्यातलं, झाडंही इथलीच, आणि तरी नावं आली. त्याला फार काही लागलं नाही, कोपऱ्यातली बोटभर जागा पुरली.

आणखी दोनशे वर्षं मागे गेलं तर बादशाह जहांगीर दिसतो. त्याच्या राजवटीच्या चुकांबद्दल इतिहासकार बोलतीलच. पण त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की काश्मीरची फुलं मोजता येणार नाहीत इतकी आहेत आणि उस्ताद मन्सूरने त्यातल्या शंभरांहून अधिक फुलांची चित्रं काढली. मन्सूरला त्याने ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे जमान्यातला अजोड, असा किताब दिला. त्या शंभरांतली फारच थोडी उरली. त्याचं लाल ट्यूलिपचं प्रसिद्ध चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. फूल चारशे वर्षांपूर्वी सुकलं, पण ते कोणी पाहिलं आणि कोणी काढलं, दोन्ही आपल्याला ठाऊक आहे.

यातही एक पेच आहे आणि तो मला फार आवडतो. मुघल चित्रकारांनी फुलांची अशी एकेकटी, पानाच्या मधोमध उभी केलेली चित्रं काढली, त्यामागे युरोपातून आलेल्या छापील वनस्पतिचित्रांचाही हात होता असं कलेचे अभ्यासक दाखवतात. जेझुइट पाद्री आणि व्यापारी अशी छापील चित्रं घेऊन आग्ऱ्याला यायचे. ती पाहून इथल्यांनी आपलं केलं, त्यात आपला रंग भरला. पुढे तीच फुलं ताजमहालाच्या संगमरवरी भिंतीवर चढली. मग दीडशे वर्षांनी हिंदुस्थानी हातांनी काढलेली पळसाची चित्रं लंडनला गेली आणि तिथे तांब्यावर उतरली. यात शुद्ध देशी कुठलं आणि शुद्ध परदेशी कुठलं, हे वेगळं करायला बसलं तर हातात फाटलेला कागद तेवढा राहील.

माझ्यासारख्या दोन लिप्या शिकवणाऱ्या बाईसाठी सगळ्यांत मोठा खजिना मात्र आणखी जुना आहे. मलबारचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने ‘होर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ दरम्यान तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यातली चित्रं तांब्यावर कोरलेली, पण रंगाविना छापलेली. झाडांची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे कोंकणी बोलणारे तीन वैद्य. त्यांची नावं ग्रंथात आहेत. इतकंच नव्हे, त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेला मजकूरही पहिल्या खंडात छापला आहे. आणि चित्रांच्या डोक्यावर झाडाचं नाव रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलं आहे.

म्हणजे एकाच तांब्याच्या पत्र्यावर, एकाच फांदीच्या वर, अरबी अक्षर आणि नागरी अक्षर शेजारी-शेजारी. ॲम्स्टरडॅमच्या त्या कारागिराला यातलं एकही वाचता येत नसणार. त्याने दोन्ही अक्षरं उलटी कोरली, फूल कोरावं तशी. कागदावर ती सुलटी आली, एक उजवीकडून चालणारी, एक डावीकडून. मी तो फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे. कोणी विचारलं की उर्दूवाल्यांना मराठी कशाला, किंवा मराठी शाळेला लागून उर्दू शाळा कशाला, तर तोंडाने वाद घालण्यापेक्षा तो दाखवणं सोपं पडतं.

आता त्या ‘परदेशी’ शब्दाकडे येते.

मध्यंतरी वृक्षारोपणाच्या एका बैठकीला होते. अनेक शाळांचे शिक्षक होते. वक्ते मनापासून बोलत होते आणि त्यांचं बरंचसं म्हणणं बरोबर होतं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या पडतात. मुळं उथळ. आपल्या पक्ष्यांना आणि किड्यांना वड-उंबर जेवढं देतात तेवढं तो देत नाही. तेव्हा नवीन झाडं लावताना वड, कडुलिंब, पळस, करंज लावा. मला हे पूर्ण पटतं. पण बोलता बोलता गाडी दुसऱ्या रुळावर गेली. “ही बाहेरून आलेली झाडं”, “यांनी आपल्या मातीत घुसखोरी केली”, “यांना मुळासकट काढलं पाहिजे”. लोक हसले. एक-दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ते झाडांबद्दलच बोलत होते हे मला कळत होतं. नजर कशासाठी वळली तेही कळत होतं.

हे शब्द आपल्याला नवे नाहीत. पंधरा-सोळा वर्षं मराठी शिकवूनही प्रशिक्षणात कोणीतरी कौतुकाने म्हणतंच, “मॅडम, तुमची मराठी किती छान आहे हो! कुठे शिकलात?” मी सांगते, “जिथे तुम्ही शिकलात तिथेच.” त्यात राग नसतो. म्हणणाऱ्याच्या मनातही वाईट नसतं. पण त्या प्रश्नाच्या तळाशी एक समजूत असते, की ही भाषा यांची नसणार, यांनी ती बाहेरून येऊन मिळवली असणार.

म्हणून त्या बैठकीत मी उठून एवढंच म्हटलं, की झाड वाईट का ते सांगा. फांदी ठिसूळ आहे म्हणा, पक्ष्यांना कमी उपयोगी आहे म्हणा, मी मुलांना ते पटवून देईन. पण बाहेरून आलं म्हणून वाईट असं शिकवायचं असेल तर उद्या मुलांच्या डब्याचं काय करू? मिरची बाहेरची. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका, काजू बाहेरचे. सीताफळ आमच्या बालाघाटात रानभर पिकतं, नावात तर साक्षात सीता, आणि मूळ अमेरिकेचं. पेरूही मूळ तिकडचाच. ज्या झेंडूशिवाय दसऱ्याचं तोरण होत नाही तोही तिकडचाच. ठेच्यातून मिरची काढा आणि आमच्या डाळच्यातून टोमॅटो काढा, मग कोणाच्या घरी कोण जेवायला राहतं ते बघू.

बैठकीत पुन्हा हसू आलं, पण या वेळी ते वेगळं होतं. वक्त्यांनी नंतर चहा घेताना सीताफळाबद्दल आणखी विचारलं. मनं एका चहात बदलतात असं मी मानत नाही. पण त्यांच्या पुढच्या पत्रकात ‘घुसखोर’ हा शब्द नव्हता. एवढं झालं तरी मला पुरे वाटतं. शब्द आधी झाडांवर वापरून धार लावून घेतले जातात आणि मग माणसांवर येतात, हे आपण पाहत आलो आहोत. झाडापाशीच ते रोखता आले तर बरं.

आमच्या शाळेच्या मैदानात एक गुलमोहर आहे. मे महिन्यात शाळा बंद असते, तरी मुलं त्याच्या कळ्यांतले तुरे काढून ‘कोंबडा-कोंबडा’ खेळायला येतात. त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. कुंपणाच्या कडेने मात्र मुलांनी पळस आणि कडुलिंब लावले आहेत. पळस फार हळू वाढतो. लावणारी मुलं दहावी होऊन जातील तेव्हा कुठे तो फुलायच्या बेतात असेल.

गेल्या महिन्यात मी रॉक्सबर्गच्या पळसावरून एक साधं रेखाचित्र काढलं, झेरॉक्स काढून सातवीला वाटलं आणि रंग भरायला सांगितलं. कुंपणापलीकडे खरा पळस फुललेला होता, समोर बघून रंग लावायचा होता. तरी एकाने फुलं निळी केली. विचारलं तर म्हणाला, “टीचर, केशरी संपला.” मी चालू दिलं. गोळा करताना पाहिलं तर बऱ्याच चित्रांवर नावच नव्हतं. सगळे कागद परत दिले. खाली नाव लिहा, दोन्ही लिपींत लिहा, मगच भिंतीवर लावेन असं सांगितलं.

आता वर्गाच्या मागच्या भिंतीवर चौतीस पळस आहेत. प्रत्येकाच्या खाली डाव्या कोपऱ्यातून एक नाव निघतं, उजव्या कोपऱ्यातून तेच नाव पुन्हा निघतं आणि मधे कुठेतरी दोघांची गाठ पडते. निळ्या पळसाखालीही.